कासवाच्या पाठीवरचा दुसरा मजला

एक जंगल होतं. ते आपल्या इथून फार लांब आहे, असं समजून वाचावं.

तिथे तरस राजा होता. तो निवडून आला होता, कारण काहीही विचारलं तरी तो हसायचा आणि प्राण्यांना वाटायचं, सगळं ठीक चाललंय. जंगलात चिंचोक्यांचा व्यवहार चाले. सगळ्यांचे चिंचोके सरकारी कोठारात असत आणि कोठारातून कर्ज मिळे.

एके दिवशी कोठाराचा कारभारी कोल्हा, भिकोबा नावाच्या कासवाकडे आला.

"काका, तुम्हाला घर आहे?"

"हे काय, पाठीवर."

"एकच मजला? या वयात?"

भिकोबाला एकदम कमीपणा वाटला. त्याने पाठीवरचं घर गहाण ठेवलं, कर्ज काढलं आणि वर चिखलाचा दुसरा मजला चढवला. पहिल्याच सरीत तो वाहून गेला. हप्ते मात्र राहिले.

"अहो, पाठ गहाण ठेवलीत?" बायको म्हणाली. "आता काय उघडे हिंडणार? सशाच्या पोरांनी बघितलं तर?"

"हप्ते लहान करून देतात का विचारलं. कोल्हा म्हणाला, देतो, पण मग ते मी मेल्यावरही चालू राहतील."

"तुम्ही लवकर मरणारे असतात तर परवडलं असतं."

मग उरला जंगलाचा जुना रिवाज. ज्याला कर्ज फेडणं शक्य नाही, त्याने भर दुपारी दारात काजवा बसवायचा. काजवा दिसला की कोठाराने येऊन असेल ते न्यायचं, अंगावरची कातडी आणि संध्याकाळचं जेवण सोडायचं, उरलेलं कर्ज पुसायचं. नंतर त्या प्राण्याला कुणी टोचून बोलायचं नाही.

भिकोबाने काजवा पाठीवर बसवला.

"दुपारी मला कोण बघणार?" काजवा कुरकुरला. "माझीही काही अब्रू आहे."

"गप बस रे बाबा. माझी तर चाललीच आहे."

दरबार भरला. प्रश्न एकच होता: कासवाची पाठ ही कातडी की घर? कातडी असेल तर भिकोबा सुटला. घर असेल तर ती जाणार.

न्यायाधीश घुबड होतं आणि दुपार होती. त्याने एक डोळा उघडला. "कर्ज दुमजली घरासाठी घेतलंय. कातडीला मजले नसतात. घरच आहे." डोळा मिटला.

तेवढ्यात हत्तीशेठ आला. त्याने अर्धं कोठार उचललं होतं आणि एकही चिंचोका परत केला नव्हता. तोही काजवा घेऊन आला होता. रिवाजाप्रमाणे त्याची बाग, तळं आणि उसाचं रान जाणार होतं.

तरस पहिल्यांदाच हसायचा थांबला. "शेठ, तुम्ही बसलात तर जमीन हादरेल! भाऊबंदांनो, हा बुडाला तर तळ्यातलं सगळं पाणी बाहेर येईल. आपण भिजू!"

"भिजू! भिजू!" माकडं ओरडली.

लगेच रिवाजात दुरुस्ती झाली. ज्याच्या अंगावर काजवा नीट दिसत नाही, इतका जो मोठा आहे, त्याचं काहीही न्यायचं नाही. त्याचं जुनं कर्ज पुसायचं आणि धीर यावा म्हणून नवं द्यायचं.

"माझ्या अंगावर छान दिसतोय हो," भिकोबा म्हणाला.

"म्हणूनच," कोल्हा म्हणाला.

संध्याकाळी पाठीचा लिलाव झाला. हत्तीशेठने ती नव्या कर्जातून घेतली. पण ती भिकोबापासून सुटेना. माकडांनी ओढून पाहिलं, अस्वलाने हिसका दिला, शेवटी भिकोबालाच भाडेकरू म्हणून आत ठेवण्यात आलं. मान बाहेर काढायचं भाडं वेगळं ठरलं.

पुढे निवडणूक आली. तरस व्यासपीठावरून गरजला, "माझ्या राज्यात एकही बुडीत कर्ज उरलं नाही! एकही प्राणी बेघर झाला नाही!"

"महाराज, माझं घर?" भिकोबाने विचारलं.

"त्यातच राहता ना?"

"राहतो."

"मग?"

सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. भिकोबानेही वाजवल्या. घरमालक व्यासपीठावरच बसला होता.