फूल तिथं चूल

सगळ्या मुलखात पाहुण्याला दारात पाणी देतात. कागनहट्टीत पाहुणा पाणी घेऊन येतो.

जतच्या पुढे, मराठी बोलता बोलता माणूस कानडीत कधी शिरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही, अशा माळावर हे गाव आहे. बघायचं तर वैशाखात यावं. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, बाभळीची सावलीसुद्धा तापलेली, कुत्री रांजणाच्या बुडाशी पोट टेकून पडलेली. आणि अशा उन्हात घरोघरची अंगणं फुललेली. कण्हेर, सदाफुली, गुलबक्षी आहेतच, पण दाराच्या उजव्या हाताला मोगरा नाही असं घर सापडायचं नाही. भेटायला आलेली बाई पदराखाली तांब्या धरून येते. घरातली थोरली बाई त्यातलं घोटभर पिते, उरलेलं पाणी पाहुणी आपल्या हाताने मोगऱ्याच्या बुडाशी ओतते आणि जाताना त्याचंच फूल माळून जाते. आपल्या दारचं फूल आपणच तोडून आपणच माळायचं नाही. का म्हणून विचारलंत, तर गावातल्या म्हाताऱ्या आधी तुम्हांला खाली बसवतील. उभ्याने ऐकायची ही गोष्ट नाही.

गावाच्या उशाला मातीची ढासळलेली गढी दिसते, ही गोष्ट घडली तेव्हा तिथल्या गढीकरांचा अंमल होता. त्याच्याही आधी कधीतरी मोठा दुष्काळ पडला, निम्मं गाव जगायला बाहेर गेलं, आणि कोणतं घर नांदतं, कोणतं ओसाड, याचा घोळ झाला. तेव्हाच्या गढीकराने एक कायदा केला, असं सांगतात. वैशाखी पौर्णिमेला गढीवरून फेरी निघायची. ज्या अंगणात मुळावर उभं असलेलं जितं फूल दिसेल ते घर नांदतं. ज्या अंगणात नाही ते ओसाड, ते गढीचं. फूल तिथं चूल. कायदा वाईट नव्हता. वैशाखात फूल आपोआप लागत नाही, कोणीतरी रोज वाकून पाणी घालत असेल तरच लागतं. पण चांगला विळासुद्धा भलत्याच्या हाती गेला की गवत सोडून बोटं कापतो.

त्या गढीकराचा नातू भीमराव. त्याला घोड्यांसाठी पागा बांधायची होती आणि त्याचा डोळा विहिरीजवळच्या उंचवट्यावर होता. तिथे नीलव्वाचं घर होतं. नीलव्वाचा नवरा बसाप्पा मीठ आणायला बैल घेऊन कोकणात उतरला होता, तो दोन पावसाळे झाले तरी परतला नव्हता. घरात नीलव्वा आणि तिची सासू बाळव्वा, दोघीच. म्हातारी अंगाने काडी, जिभेने कुऱ्हाड.

शिमगा झाला तसा गढीचा हवालदार सिदराम विहिरीवर येऊन उभा राहिला. ज्या घरात पुरुष नाही त्या घराला दिवसाला एक घागर, तीही पिण्यापुरती, असा हुकूम त्याने सांगितला. त्यांना कोणी जास्त दिलं तर देणाऱ्याची विहिरीवरची पाळी बंद. मग एका दुपारी कुंपणाच्या तोंडाशी लावलेलं काट्यांचं फडं कोणीतरी बाजूला सारलं आणि गढीच्या शेळ्या अंगणात शिरल्या. सदाफुली, गुलबक्षी मुळासकट गेली. मोगऱ्यावर पान म्हणून राहिलं नाही. त्यानंतर हद्दीचा दगड शोधायच्या निमित्ताने सिदरामची माणसं कुदळी घेऊन आली, आणि दगड सापडला नाही तरी मोगऱ्याभोवती आळं खणून मुळं उन्हात उघडी टाकून गेली. सरळ उपटून का टाकला नाही? उपटलेलं झाड सगळ्या गावाने पाहिलं असतं. वाळलेल्या झाडाला साक्षीदार नसतो.

अंगणात उरला तो मोगऱ्याचा खराटा. नीलव्वा आपल्या वाटणीचं पाणी तोंडाला न लावता त्याला घालू लागली. ते इतकं थोडं असायचं की तापलेली माती ते मुळांआधीच पिऊन टाकायची.

पाडव्याच्या सुमाराला एकदा बाळव्वाने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"नीले, ओठ का फुटलेत तुझे?"

"ऊन लागलं, आत्याबाई."

"ऊन मलाबी लागतंय. माझे कुठं फुटलेत?"

नीलव्वाने पदराने ओठ झाकले.

"झाडाला घालतीस नव्हं तुझं पाणी?"

"घर जाईल, आत्याबाई."

"आणि तू गेल्यावर घरात कोण नांदंल? त्या शेळ्या?"

मग म्हातारी दाराच्या चौकटीला पाठ लावून बराच वेळ त्या खराट्याकडे बघत बसली. शेवटी म्हणाली, "जा, शेजारच्या काशीला सांगून ये. म्हणावं, म्हातारी जातीया."

"आत्याबाई, असलं अभद्र काय बोलता?"

"अभद्र कसलं? आज ना उद्या जायचंच हाय. मरणाऱ्याच्या तोंडी पाणी घालायला निघालेल्या माणसाला कुठला हवालदार अडवतोय ते बघू. आणि मरणाच्या अंथरुणापाशी आणलेलं पाणी कुणी परत घरला नेतं का?"

नेत नाहीत. त्या मुलखाची तशी रीतच होती. जाणाऱ्याच्या तोंडी थेंब घालायचा, उरलेलं त्याच्याच दारात ओतायचं, रिकामं भांडं घेऊन परतायचं. पाणी आपल्या घरचं हवं, दुसऱ्याचं चालत नाही. नीलव्वाने सासूकडे पाहिलं तेव्हा म्हातारी घोंगडीवर आडवी होऊन श्वास कसा लावायचा ते करून बघत होती.

शेजारची काशव्वा तांब्या घेऊन धावत आली. तिला बघून सिदराम विहिरीवरून अंगणापर्यंत आला होता. काशव्वाने म्हातारीच्या ओठांत थेंब सोडला आणि ती डोळ्यांना पदर लावणार, एवढ्यात म्हातारीने तिचं मनगट आवळलं. मरणाऱ्याच्या हाताला इतकं बळ नसतं. काशव्वाने म्हातारीकडे एकदा पाहिलं आणि असा गळा काढला की सिदराम दोन पावलं मागे सरला. बाहेर येऊन तिने उरलेला तांब्या मोगऱ्याच्या त्या उघड्या आळ्यात रिता केला. पाणी थेट मुळांवर गेलं.

बाकीच्या बायांना वेगळं सांगावं लागलं नाही. रोज कोणी ना कोणी येऊ लागली. ज्यांच्या घरात पिण्याची मारामार होती त्याही वाटीभर घेऊन आल्या. दोघी-तिघी गढीला भिऊन आल्या नाहीत. त्यांची नावं गाव आजही घेत नाही, आणि तीच त्यांना शिक्षा.

सिदरामला वास लागला होताच. तो सकाळीच येऊन अंगणातल्या धोंड्यावर बसायचा आणि दारातून आत नजर लावायचा.

"जीव जात न्हाई व्हय अजून म्हातारीचा?" एकदा त्याने काशव्वाला विचारलं.

"कसा जाईल? तुम्ही कुठं घातलंय पाणी? तुमच्यासाठीच अडकलाय," काशव्वा म्हणाली आणि त्याच्या अंगावरून तांब्या घेऊन आत गेली.

पण त्याच्या त्या नजरेमुळे म्हातारीला उठता येईना. दिवसभर तापल्या छपराखाली निजून राहायचं, प्रत्येकीच्या भांड्यातला थेंबच घ्यायचा, दुसरा मागायचा नाही. मोगऱ्याचं पाणी कमी होईल म्हणून ती रात्रीसुद्धा घोटावर घोट घेईना. तिचे गाल आत गेले. हाताची नस दोरीसारखी दिसू लागली. नीलव्वा उशाशी बसून तिचा श्वास मोजायची आणि सोंग कुठे संपतं, खरं कुठे सुरू होतं, ते तिला कळेनासं झालं. "आत्याबाई, पुरे झालं. घर गेलं तर गेलं," ती एकदा कानाशी कुजबुजली. म्हातारीने डोळे न उघडता विचारलं, "डोळा फुटला का त्याला?"

नीलव्वाने खराट्याची साल नखाने खरवडून पाहिली होती. आत हिरवं होतं. काही दिवसांनी पेरापेरावर तांबूस कोंब दिसले, मग पानं आली, पण नुसती पानं. पानाला कायद्यात किंमत नव्हती. पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा तिला शेंड्यांवर जोंधळ्याच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं. तिने ते सासूखेरीज कोणाला सांगितलं नाही. सिदराम समोर असला की ती त्या बाजूला मानसुद्धा वळवत नसे.

पौर्णिमेला ऊन कलल्यावर फेरी आली. पुढे घोड्यावर भीमराव, मागे सिदराम आणि कुदळवाले, त्यांच्यामागे सगळं गाव. मोगरा कळ्यांनी लगडलेला होता. दातांसारख्या पांढऱ्या, टपोऱ्या, आणि एकूणएक मिटलेल्या.

भीमरावाने घोड्यावरूनच पाहिलं. "कळी म्हंजे फूल न्हवं," तो म्हणाला. "कायदा फुलाचा हाय."

मोगरा दिवे लागायच्या वेळेला उमलतो, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि सूर्य अजून माळावर हातभर वर होता. सिदराम चूल फोडायला कुदळ घेऊन घरात शिरला. नीलव्वा चुलीपुढे जाऊन बसली. तिला एवढंच सुचलं.

तेवढ्यात अंथरुणातून आवाज आला. "धनी आलेत व्हय?"

सिदराम थांबला.

"सगळ्या गावानं पाणी घातलं, धनी. तुमच्या हातचं राहिलं. म्हणून जीव अडकलाय माझा."

भीमरावाने मागे पाहिलं. सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं. मरणाऱ्याला पाणी नाकारणाऱ्याला त्याच्या वेळेला पाणी मिळत नाही, अशी समजूत आहे, आणि घोड्यावर बसणाऱ्यालाही मरण असतंच. तो खाली उतरला. सिदरामने कंबरेची पाण्याची चामडी पिशवी पुढे केली.

"विहिरीचं हाय ते, आमच्या पाळीचं," काशव्वा म्हणाली. "आपल्या घरचं लागतं, धनी. तुमच्या देवघरातलं."

गढीवर माणूस धावला. जाऊन यायला वेळ लागणारच होता. सूर्य वीतभर राहिला. तो माणूस चांदीचा तांब्या आणि पळी घेऊन परतला तेव्हा उन्हं चौकटीवर चढली होती.

भीमराव वाकून आत गेला, त्या दारातून ताठ मानेने कोणालाच जाता येत नसे. त्याने पळीने पाणी सोडलं. बाळव्वाने ते जिभेवर धरून ठेवलं, सावकाश गिळलं, आणि आणखी तोंड उघडलं. "तुमच्या आजोबांना मी पाह्यलंय," ती मधेच म्हणाली. "ह्याच अंगणात. त्येनी कधी घोड्यावरनं फूल बघितलं न्हाई. उतरायचे, वाकायचे, मग बघायचे." पुन्हा एक पळी. नीलव्वाला दाराकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी भीमराव उठला. तांब्यात पाणी उरलं होतं. काशव्वा वाट अडवून म्हणाली, "ते गढीत परत न्यायचं नसतं."

तो अंगणात आला. पूर्वेला चंद्र टेकडीवर आला होता, पश्चिमेला नुसती लाली राहिली होती. तो मोगऱ्यापाशी वाकला आणि आळ्यात पाणी ओतलं. तापल्या मातीतून वाफ उठली, आणि त्या वाफेबरोबर वास आला. आधी कोणाला काही दिसलं नाही. मग त्याच्या तोंडासमोरच्या एका कळीची वरची पाकळी सैल झाली, तिच्या शेजारच्या कळीची झाली, आणि वाकलेल्या भीमरावाने मान वर करेपर्यंत सगळा मोगरा त्याच्या पागोट्याभोवती पांढरा झाला होता.

"चूल राहू दे," तो म्हणाला. घोड्यावर न बसताच तो चालत गढीकडे गेला. चांदीचा तांब्या तिथेच पडून राहिला.

"गेला का?" आतून म्हातारीने विचारलं.

"गेला, आत्याबाई."

"मग मला बसती कर. आणि घागर आण. तांब्या नगं, घागर."

ती किती प्याली ते पाहून काशव्वाला म्हणे हसू आणि रडू एकदमच आलं. मग काशव्वाने पहिलं फूल तोडून नीलव्वाच्या अंबाड्याकडे नेलं, तर नीलव्वाने तिचा हात धरला. "माझ्या पाण्यानं न्हाई फुललं हे. ज्याचं पाणी त्याचं फूल," ती म्हणाली, आणि अंगणातल्या एकेकीला तिने आपल्या हाताने फूल माळलं. तिला काशव्वाने माळलं. बसाप्पा परत आला की नाही, याबद्दल सांगणाऱ्यांचं एकमत नाही. आला म्हणणारे असंही सांगतात की बाळव्वा तेव्हाही जिती होती, आणि तिने त्याला पहिला प्रश्न विचारला तो मीठ आणलंस का, हा.

कोणी म्हणतं देवीची करणी, कोणी म्हणतं म्हातारीचं पुण्य. पण मोगरा लावणाऱ्या बाईला विचारा. पाणी तोडून ताण द्यावा, पानं ओरबाडावीत, मुळांना ऊन दाखवावं, आणि मग पाणी सोडावं, तर मोगरा असा धरतो की फांदी वाकते. हे तेव्हा ना नीलव्वाला ठाऊक होतं, ना सिदरामला. मारायला म्हणून त्याने जे जे केलं, ती सगळी मोगऱ्याची चाकरीच झाली. फक्त शेवटचं पाणी तेवढं त्याच्याकडे नव्हतं, ते बायांकडे होतं.

आजही कागनहट्टीत शिमगा झाला की बाया मुद्दाम अंगणात शेळ्या सोडतात, आळी उघडी करतात, आणि या कामाला तिथे हवालदारी म्हणतात. आजही पाडव्यानंतर माणसं एकमेकांकडे पाणी घेऊन जातात, आणि थोरली बाई ठणठणीत असली तरी पहिला घोट घेताना क्षणभर डोळे मिटते. गढीच्या अंगणात मात्र मोगरा लागत नाही, असं गाव सांगतं. लागायचा नाही असं काही नाही. तिथली मातीही हीच आहे, ऊनही हेच. पण तिकडे तांब्या घेऊन जाणारं कोणी नाही.