अर्ध्यावर टाकलेली भुर्जी

“मिनिटं किती धरायची, चाचा?”

दाऊदचाचांनी शेगडीतला एक निखारा चिमट्यानं बाजूला सारला.

“बरं, मीठ? चार अंड्यांना पाव चमचा, की त्याहून कमी?”

घोरपड्यांनी वही उघडून मांडीवर ठेवली होती.

“लिहून घेणार?” चाचांनी विचारलं.

“मोजूनच करावं म्हणतो. जिभेवर विसंबायला नको.”

म्हाताऱ्यानं मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं... आणि अंड्यांची टोपली पुढे सरकवली.

“करा.”

रणजित घोरपडे कोल्हापूरला बावीस वर्षं हॉटेलचा स्वयंपाक शिकवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं दुबईपर्यंत पोचली होती. पदार्थात काय चुकलंय हे ते ताटाकडे बघून सांगत, आणि सांगताना समोरच्याची गय करत नसत. असा माणूस भल्या सकाळी घाट चढून एका बंद डाकबंगल्यात अंडी शिकायला आला होता.

बंगला बंद होऊन चौदा वर्षं झाली होती. खानसामा दाऊदचाचा तेवढे मागच्या खोलीत राहिले. रोज सकाळी नऊला ते साहेबी भुर्जी करतात, तशी भुर्जी पंचक्रोशीत होत नाही, असं घोरपड्यांना घाटाखालच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं होतं. कांदा नाही, मिरची नाही; अंडी, लोणी, मीठ. बस्स. बंगल्यात कोणी नसताना ती कोणासाठी करतात, हे विचारल्यावर मात्र तो पोरगा गप्प झाला होता.

घोरपड्यांनी अंडी फोडली, हलक्या हातानं फेटली. लोणी वितळलं तशी ती पातेल्यात सोडली आणि ढवळू लागले. मीठ टाकलं. चाखलं. आणखी चिमूटभर टाकलं, पुन्हा चाखलं... आणि तिसरी चिमूट टाकली.

चाचा बघत होते.

“उतरवा,” ते म्हणाले.

“अजून ओली आहेत, चाचा.”

“उतरवा. राहिलं ते पातेल्याची धग करते.”

घोरपड्यांनी उतरवलं. बघता बघता अंडी आपोआप आळली; साईसारखी मऊ, कुठे गाठ नाही. एवढी साधी गोष्ट आपण इतकी वर्षं आगीवरच पुरी करत बसलो, याची त्यांना मनातून लाज वाटली.

“मीठ?”

“बरोबर आहे,” घोरपडे म्हणाले.

चाचांनी भुर्जी चिनी मातीच्या ताटात काढली, शेजारी पाण्याचा ग्लास ठेवला आणि दोन्ही घेऊन ते पुढच्या जेवणाच्या दालनात गेले. परत आले ते रिकाम्या हातानं. दार ओढून घेतलं आणि भिंतीला टेकून बसले.

बाहेर धुकं इतकं उतरलं होतं की खिडकीतून अंगणातली विहीरही दिसत नव्हती. एकही पाखरू बोलत नव्हतं.

कोण जेवायला यायचंय, असं विचारायला घोरपड्यांनी तोंड उघडलं... आणि ते तसंच राहिलं.

दाराआड चमचा ताटाला लागला होता.

एकदा. थोडं थांबून पुन्हा. कोणीतरी सावकाश, चव घेत खात होतं. मग चमचा ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर घोटाघोटानं पाणी पिण्याचा.

घोरपड्यांनी चाचांकडे पाहिलं.

“ताट घेऊन या,” चाचा म्हणाले.

घोरपडे उठले. दार ढकललं. दालनात कोणी नव्हतं. समोरच्या दाराला आतून अडसर होता, खिडक्यांना कड्या. जमिनीवरच्या धुळीत चाचांची रोजची पावलं तेवढी उमटलेली. टेबलापर्यंत गेलेली, टेबलापासून परत आलेली. ताटात अर्धी भुर्जी तशीच होती. चमचा पालथा घातलेला. पाण्याचा ग्लास तळापर्यंत रिकामा.

चाचांनी ताट पाहिलं, ग्लास पाहिला.

“खारट झाली.”

घोरपड्यांनी ताट खाली ठेवलं.

“आतल्याला मेल्यावरही चव कळते, साहेब. तुमची कधी गेली?”

शेगडीतला कोळसा तडकला...

“दोन वर्षं झाली,” घोरपडे म्हणाले. “तापात गेली.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. कॉलेजात कोणाला कळू दिलं नव्हतं. तिथं चाखायला विद्यार्थी होते. घरी दर रविवारी ते स्वतः अंडी करत, बायको सुनंदा आणि सासूबाई खात. गेल्या रविवारी खाणं झाल्यावर सुनंदा मोरीपाशी उभी राहून तांब्यानं पाणी पिताना दिसली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. कशी झाली होती, असं विचारलं तर म्हणाली, छान.

“घरात सांगत नाही कोणी?”

“सुनंदा पूर्वी सांगायची.” घोरपड्यांचा आवाज खाली गेला. “एकदा मीठ कमी आहे म्हणाली. पाहुणे होते. मी तिच्या पुढचं ताट उचललं आणि मोरीत पालथं केलं.”

“मग?”

“मग... तेव्हापासून सगळं छानच होतं.”

उरलेली भुर्जी चाचांनी घास घास करून स्वतः संपवली, खारट होती तरी. मग वही उचलून घोरपड्यांच्या हातात दिली. त्यातलं पान कोरंच होतं.

पुढच्या रविवारी घोरपड्यांनी मंद आचेवर अंडी केली, ओली असतानाच उतरवली. मीठ घातलं नाही. मिठाची वाटी सुनंदापुढे ठेवली आणि म्हणाले, “माझी जीभ गेली आहे. दोन वर्षं झाली. किती घालायचं ते तू सांग.”

सासूबाई उठून आत गेल्या.

“मला ठाऊक होतं,” सुनंदा म्हणाली. तिनं चिमूट घेतली, पण टाकली नाही. “तुम्ही पुन्हा ताट उचलाल, असं वाटायचं.”

त्या दिवशी भुर्जी गार झाली. खाल्ली मात्र दोघांनी, एकाच ताटातून. आणि शेवटी ती म्हणाली की लोणी जरा जास्त झालंय.

महिन्याभरानं घोरपडे पुन्हा घाट चढून गेले. चाचा शेगडीपाशीच होते. ताट नुकतंच आत गेलं होतं, दार ओढलेलं होतं. दोघं धुक्यात ऐकत बसले. चमचा एकदा वाजला... मग थांबला.

“चाचा,” घोरपड्यांनी हळूच विचारलं, “इतकी वर्षं इथं एकटे राहता. भीती नाही वाटत?”

“वाटते ना,” दाऊदचाचा म्हणाले. “ताट चाटून-पुसून परत येतं, त्या दिवशी. आवडलं म्हणून, की मला भिऊन, कळत नाही.”