मधली गोटी

एकदा एका तालमीत एक वृद्ध वस्ताद मुलांना घडवीत होते. व्यायामासाठी तिथे लहानमोठ्या दगडी गोट्या होत्या. नाव गोटी, पण सर्वांत धाकटी उचलतानाही घाम फुटे. ती छातीशी धरून खांद्यावर घ्यायची आणि परत मातीवर ठेवायची, असा रोजचा नेम. धाकटीवरून मधलीवर कोणी कधी जायचे, हे वस्तादच ठरवीत.

पंधरा वर्षांचा हणमंता अजून धाकटीवरच होता. त्याच्या मागून आलेला, त्याच्याच वयाचा दौलू मधलीवर गेला आणि हणमंताच्या पोटात दुखू लागले. दौलूचे दंड आपल्याहून बारीक, तरी मान मात्र त्याला! त्याने वस्तादांना कारण विचारले, तर ते म्हणाले, “तुझी गोटी अजून वाजती.” हे काही त्याला उमगले नाही. दौलू वस्तादांचा लाडका आहे, एवढाच अर्थ त्याने काढला. मत्सराला कारण लागत नाही, निमित्त पुरते. पुढे दौलूने दिलेले पाणीही त्याला कडू लागू लागले.

एके दुपारी तालीम रिकामी पाहून त्याने मधल्या गोटीला हात घातला. ईर्ष्येने अंगात बळ आणले आणि ती खांद्यावर आलीसुद्धा. आता दौल्याने पाहायला हवे होते, असे त्याला वाटले. पण पुढे काय? गोटी सरकू लागली, कंबर मागे वाकली. टाकावी तर पाय चेचणार. अखेर अब्रू बाजूला ठेवून त्याने हाक मारली. धावत आला तो नेमका दौलूच. त्याने गोटीखाली हात दिले आणि दोघांनी मिळून ती खाली घेतली.

वस्ताद दारात उभे होते. हणमंता बोलणी खायला तयार झाला, पण ते एवढेच म्हणाले, “हणमंता, डोळं मीट. दौलू, गोटी घे.”

हणमंताने डोळे मिटले. दौलूचा जोराचा श्वास ऐकू आला, मग काहीच नाही. बराच वेळ वाट पाहून त्याने विचारले, “अजून खांद्यावरच हाय का?”

वस्तादांनी डोळे उघडायला सांगितले. गोटी केव्हाच मातीवर आली होती आणि दौलू हात पुसत उभा होता.

“पोरा,” वस्ताद म्हणाले, “तू ह्याचं उचलणं रोज बघितलंस, ठेवणं एकदाबी बघितलं न्हाईस. जळणाऱ्याला दुसऱ्याचं वर जाणंच दिसतंय. ईर्ष्येनं दगड वर जातोय, पण खाली आणायला ताबा लागतोय. जेवढा भार सावकाश ठेवता येतो, तेवढाच आपला. तुझी गोटी रोज धपकन पडती, म्हणून वाजती. ह्या कोवळ्या वयात मणका गेला, तर कुठला दौलू आन् कुठली गोटी?”

हणमंताची मान खाली गेली. मत्सर लगेच गेला असे नाही; तो एका दिवसात जात नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी गोटी खांद्यावर घेऊन तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “दौल्या, मी ठेवताना जरा बघ रं.”

दौलू जवळ येऊन उभा राहिला.