शाहिराने सासरी धाडलेली लेक

नदीपलीकडे तो काळा कातळ दिसतो ना, त्याला आम्ही शाहिराची बैठक म्हणतो. पूर्वी नदीपर्यंत संस्थानाची हद्द होती, पलीकडे कानडी मुलूख.

आमच्या सांबरवाडीत भैरू नावाचा शाहीर होऊन गेला. राजाने किल्ल्याच्या तटासाठी सारं गाव वेठीला धरलं. तट ढासळला, माणसं खाली गाडली गेली. भैरूने त्यांच्यावर कवन रचलं आणि भर बाजारात गायलं. राजाने त्याला हद्दपार केलं. तो परतला, किंवा घरचं कुणी नदी ओलांडून गेलं, तर त्याची आणि घरच्यांचीही गर्दन मारायचा हुकूम होता म्हणे. मागे राहिली बायको तुळजा आणि पाळण्यातली लेक, रंगू.

पलीकडे त्याची भाषा कुणाला कळेना. तो कातळावर बसून गावाकडे तोंड करून गाई. आधी राजाला शिव्याशाप देई, असं सांगतात. पुढे तेही सरलं आणि गाण्यात फक्त रंगू उरली. तिला दात आले, ती चालू लागली, जात्यावर बसली, सगळं तो तिथे बसून रची. तुळजा अलीकडे घागर घेऊन ऐकत उभी राही.

रंगू मात्र तो हद्दपार झाला त्याच साली देवीच्या साथीत गेली होती.

बाया म्हणत, "सांग की गं त्याला."

"काठावरून ओरडून सांगू?" तुळजा म्हणे, आणि घागर भरून घरी येई.

वर्षं लोटली. भैरूने गाण्यातच रंगूचं लग्न लावलं, तिला सासरी धाडलं. ते गाणं बायांनी ऐकून ऐकून पाठ केलं. गावातली प्रत्येक नवरी त्याच गाण्यावर निघू लागली.

राजा मेला, हुकूम उठला. म्हातारा भैरू नदी उतरून घरी आला. दारातच त्याने विचारलं, "रंगूला कुठल्या गावी दिली?"

तुळजाने त्याला बसवलं, पाणी दिलं, मग सांगितलं.

त्याच साली गावात लग्न निघालं. बायांनी गाणं धरलं. शेवटच्या ओळीत 'भैरू म्हणे' आलं, तसा तो उठून उभा राहिला.

"माझं नाव काढा त्यातून," तो म्हणाला. "मेलेल्या पोरीला नांदवत बसलो मी."

त्यानंतर मरेपर्यंत त्याने एक ओळ रचली नाही, असं सांगतात.

सांबरवाडीतून नवरी निघताना आजही तेच गाणं म्हणतात. शेवटच्या ओळीत नावाच्या जागी साऱ्या बाया थांबतात. तेवढ्या वेळात नवरीला उंबरा ओलांडावा लागतो.