रेघेची जाडी

"याहून सपाट रेघ तुम्ही कधी पाहिली आहे का, बाई?"

निशिकांत ओगलेनं आलेखाचा कागद टेबलावर पसरला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तो शाबासकी घ्यायलाच आला होता. शाबासकी आणि सही.

दमयंती शेजवलकरबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. मऊ माती कशी खचते हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली होती, त्यामुळे घाईची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

"कशाची रेघ?"

"त्या बंद खाणीच्या गाळाच्या तळ्याची."

तळं आता वरून सुकलं होतं, आणि वस्तीला शाळेसाठी तेवढीच मोकळी जागा होती. खालचा चिखल अजून खचतोय का, एवढंच कुणीतरी छातीठोक सांगायला हवं होतं. छातीठोक सांगायचं म्हटल्यावर निशिकांत मागे कसला राहतोय!

त्यानं तिथला चिखल आणून कालवला, वीतभर डब्यात भरला, डबा सेंट्रिफ्यूजच्या लांब हाताला टांगला आणि जत्रेतल्या पाळण्यासारखा गरगर फिरवला. त्या वेगात चिखलाचं वजन शंभरपट होतं. वीतभर चिखल वीस मीटर खोल तळ्यासारखा वागतो आणि सत्तावीस वर्षांचं खचणं एका दिवसात उरकतो.

"खाण बंद पडून तेवढीच वर्षं झालीत," निशिकांत म्हणाला. "आणि रेघ बघा. आधी झपाझप खाली आली, मग आडवी झाली. मी यंत्र थांबवलं."

"चिखल थांबला म्हणून?"

"रेघ थांबली म्हणून."

बाईंनी बिस्किट संपवलं.

"उद्या वस्तीची सभा आहे, बाई. घंटा कुठे टांगायची इथपर्यंत त्यांचं ठरलंय. तुमची सही झाली की पाया खणायला घेतील."

बाईंनी कागद उचलला. डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरला, एक डोळा मिटला आणि सुतार फळी बघतो तशी ती रेघ बघितली.

"फार ठसठशीत काढलीस रे."

"मार्करनं काढलीय. सभेत मागच्यांनाही दिसायला हवी ना!"

"चिखल डब्यात जेवढा खचला तेवढाच कागदावर?"

"जसाच्या तसा. आकड्यांत लोक गोंधळतात."

"आणि रेघ जाड किती?"

"असेल मिलिमीटरभर. का?"

"डब्यातलं सगळं तू शंभरनं गुणलंस?"

"अर्थात! खोली शंभरनं. वेळ तर शंभराच्या वर्गानं."

"आणि ही?"

बाईंनी रेघेवर बोट ठेवलं.

निशिकांत हसला. मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं…

दहा सेंटिमीटर. या रेघेच्या जाडीत चिखल दहा सेंटिमीटर खचला असता, तरी कागदावर ती सपाटच दिसली असती. भिंत उभी चिरायला तेवढं पुष्कळ होतं. त्याला ती भिंत दिसली, भिंतीला लागून मांडलेली बाकं दिसली.

त्यानं कागद बाईंच्या हातून घेतला, तसाच आडवा धरला आणि एक डोळा मिटला. रेघेची वरची कड शेवटपर्यंत किंचित उतरती होती.

"अजून खचतोय," तो म्हणाला.

बाईंनी उरलेला चहा संपवला.

"यंत्र पुन्हा लावतो, बाई. या वेळी चिखल खरंच थांबेपर्यंत फिरवतो. आणि उद्या सभेत मीच सांगतो, पाया खणू नका म्हणून. शिव्या खाईन, पण सांगेन."

आता त्याच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. तो तरातरा दाराकडे निघाला.

"निशिकांत."

त्यानं वळून बघितलं. बाईंनी खणातून एक बोथट पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली होती.

"आधी हिला टोक काढ."