परकराच्या पायऱ्या

ही समोरची भवरटेकडी, आणि तिच्या अंगावरून वळणं घेत वर गेल्या आहेत त्या परकराच्या पायऱ्या. तीनशे एकोणीस आहेत. मोजायची तसदी घेऊ नका, दरवर्षी पाहुणे मोजतात आणि दरवर्षी वेगळाच आकडा सांगतात. पहिल्या चार-पाच पायऱ्यांवर तुमच्यातले निम्मे जण अडखळले, ते मी पाहिलं. अडखळणारच. पायरी म्हटली की आपला पाय वीतभर उचलायला शिकलेला असतो, आणि ही पायरी आहे जेमतेम चार बोटांची. गवंड्याचं माप चुकलंय, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. चुकलेलं नाही. या महिला विद्यापीठात इतक्या काटेकोर मापाचं दुसरं काहीही बांधलेलं नाही, ते नवं सभागृहसुद्धा.

निळ्या शालीतल्या काकू खाली कट्ट्यावर बसून राहिल्यात. गुडघे धरलेत, तुम्ही या जाऊन, म्हणतात. बसा काकू, गोष्ट तिथूनही ऐकू येईल.

मी पारूबाई. हवामान विभागात बत्तीस वर्षं शिपाई होते. आता निवृत्त आहे, पण वर्धापनदिनाला पाहुण्यांना टेकडी दाखवायचं काम मी कुणाला देत नाही. नव्या मुली गोष्ट सांगताना फार घाई करतात.

सत्तर वर्षांपूर्वी इथं विद्यापीठ म्हणजे चार पत्र्याच्या शेडी, एक विहीर आणि नव्वद मुली होत्या, असं सांगतात. दगडी इमारतीचं काम नुकतंच सुरू झालं होतं. टेकडीवर मात्र एक पांढरी लाकडी पेटी आधीच उभी होती. तिच्यात तापमापक, शेजारी वारा मोजायचा पंखा. हवामान शिकणाऱ्या मुलीनं रोज सकाळी साडेआठला वर जायचं, पेटी उघडायची आणि आकडे लिहायचे. तीस दिवसांच्या नोंदी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या आणि स्वतःच्या हातानं लिहिलेल्या असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. वर जायला तेव्हा वाट कसली, शेळ्यांच्या पायांनी पडलेली घसरण होती.

त्या साली हवामानाला एकच मुलगी आली, द्वारका. घोणशेतची. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय गेला होता आणि उजव्यातही फार जोर नव्हता. काखेत कुबडी घेऊन चालायची. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून धारदार. तिच्या दादानं तिला एकाच बोलीवर पाठवलं होतं म्हणे : यंदा परीक्षा दिलीस तर पुढं शीक, नाहीतर घरी ये. घरी ये म्हणजे काय, ते द्वारकेला पक्कं ठाऊक होतं. उंबऱ्याशी बसायचं, वाळवणावरची कोंबडी हाकायची आणि आल्यागेल्याच्या तोंडून 'बिचारी' ऐकायचं. तिला कोंबड्यांचं काही वाटत नव्हतं. त्या शब्दाची चीड होती.

शिकवायला टिळेकर बाई होत्या. मनानं चांगल्या. त्या म्हणाल्या, वर जाऊ नकोस, मी इथं व्हरांड्यात एक तापमापक टांगते, त्याच्या नोंदी चालतील. द्वारकेनं नकार दिला. वरची हवा वेगळी, खालची वेगळी, आणि मी खालची हवा वरची म्हणून लिहिणार नाही, असं तिनं बाईंना तोंडावर सांगितलं. हे बाईंनीच वर्गात शिकवलं होतं.

मग मैत्रिणींनी युक्ती काढली. चौघींनी तिला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून वर नेली. द्वारका वर गेली, आकडे पाहिले, वहीत लिहिले, खाली आली. खाली आल्यावर वही उघडली आणि ती ओळ खोडून टाकली.

"टेकडी चढली खुर्ची," ती म्हणाली. "माझं नाव कशाला?"

ती वही विभागात काचेखाली ठेवली आहे, परतताना बघा. पहिली ओळ खोडलेली आहे आणि नोंद घेणाऱ्याच्या नावापुढं लिहिलंय : खुर्ची.

द्वारकेच्या खोलीत येसू नावाची मुलगी राहायची. ती शिवणकला शिकत होती. गळ्यात कायम मापाची फीत. अभ्यासात बेताची, पण मनात घेतलं की सोडायची नाही. खोडलेली ओळ पाहून ती उठली ती थेट इमारतीच्या कामावर गेली. तिथं साळूबाई दगड घडवत होती. ती माझी आई. मी तेव्हा लिंबाला बांधलेल्या झोळीत होते म्हणे, त्यामुळे यातलं मी पाहिलेलं काही नाही, ऐकलेलं सगळं आहे. येसूनं तिला विचारलं, टेकडीला पायऱ्या करायच्या तर कशा करतात. आई म्हणाली, हातानं करतात.

येसूनं मुलींना गोळा केलं. त्यांना दगडातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज दुपारी जेवणानंतर दोन तास त्या टेकडीच्या मागच्या अंगाला जाऊ लागल्या. ती बाजू वसतिगृहातून दिसत नाही. द्वारकेला सांगायचं नाही, असं ठरलं. तिला कळलं तर ती काम बंद पाडेल, एवढी ओळख सगळ्यांना होती. शेवटचा दगड बसेपर्यंत तोंडातून अक्षर काढणार नाही, अशी येसूनं सगळ्यांना शपथ घातली आणि स्वतःही घेतली.

पंधरा दिवसांत चाळीस पायऱ्या झाल्या. चांगल्या वीत-वीत उंचीच्या, नीट. मुली फार खूश होत्या. मग येसूला काय वाटलं कोण जाणे, तिनं आपला डावा पाय ओढणीनं मांडीशी बांधला, बांबू काखेत घेतला आणि चढायला लागली. तिसऱ्या पायरीवर आडवी झाली. पुन्हा उठली, पुन्हा आडवी. कोपर फुटलं. हसणाऱ्या मुली तिला उठवायला धावल्या.

आई खालून बघत होती. ती म्हणाली, "पोरींनो, पायरीला चढणाऱ्याच्या पायाचं माप लागतंया. तुमी माज्या पायाचं धरलंया."

चाळीसच्या चाळीस पायऱ्या उखडल्या. हे मला फार मोठं वाटतं. बांधायला कुणीही चालतं हो, आपलं झालेलं काम स्वतःच्या हातानं उखडायला वेगळीच माणसं लागतात.

पण माप घ्यायचं कसं? द्वारकेला 'पाय किती उचलतो गं तुझा' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. येसूनं थाप मारली. माझी परीक्षा आहे, मला कुणाचातरी परकर शिवून दाखवायचाय, तुझा शिवते. द्वारकेच्या आईनं सणासाठी हिरवं कापड पाठवलं होतं, ते तिनं ट्रंकेतून काढून दिलं. येसूनं कंबर मोजली, उंची मोजली, आणि मग अगदी सहज म्हणाली, आता पाय उचल बघू, चालताना घेर पुरतो का ते बघायचंय. द्वारकेनं दात आवळून पाय उचलला. तीन इंच. म्हणजे चार बोटं. येसूनं पुन्हा उचलायला सांगितला. पुन्हा चारच बोटं. येसू मान खाली घालून फीत गुंडाळत बसली, कारण डोळे दाखवायची सोय नव्हती.

कामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. उंची चार बोटं. खोली एवढी की दोन्ही पावलं आणि कुबडी एका पायरीवर टेकावी. अशा पायऱ्यांनी सरळ वर जाता येत नाही, म्हणून ही वळणं आली. वीतभर उंचीच्या शंभरेक पायऱ्यांच्या जागी आता तीनशेच्या वर लागणार होत्या. लेखणी आणि सुई धरणारे ते हात, टिकावानं आठ दिवसांत सोलून निघाले. जखमांवर बांधायच्या पट्ट्यांना कापड मिळेना. येसूनं आधी आपली ओढणी फाडली, मग उशीचा अभ्रा फाडला आणि शेवटी ते हिरवं कापड फाडलं.

इथं तिचं चुकलं, असं मी म्हणते. आई मात्र म्हणायची, दुसरं काय करणार होती?

द्वारका रोज विचारायची, परकर झाला का. येसू रोज सांगायची, शिवतेय. एके दिवशी भोजनगृहात समोर बसलेल्या मुलीनं भाकरी मोडायला हात पुढं केला, आणि तळव्यावर हिरवी पट्टी. द्वारकेनं ती ओळखली. दुसऱ्या पंगतीत पाहिलं, तिथंही हिरवी पट्टी. तिच्या आईनं कोंबड्या विकून घेतलेलं कापड होतं ते. तिनं येसूला सगळ्यांसमोर विचारलं, माझं कापड कुठाय. येसूनं मान खाली घातली. शपथ होती. द्वारकेनं त्याच दिवशी वळकटी उचलली आणि दुसऱ्या खोलीत गेली. येसूशी बोलणं टाकलं.

पुढचा सव्वा महिना येसूनं तो अबोला सोसला आणि दगड वाहिले. एक शब्द बोलली असती तर मैत्रीण परत मिळाली असती, पण टेकडी राहिली असती. तिनं टेकडी धरली. त्या वयात मला हे जमलं नसतं, तुम्ही तुमचं सांगा.

इकडे माघ लागला. परीक्षा चैत्रात. द्वारकेच्या वहीत ती एकच खोडलेली ओळ होती. तिनं दादाला पत्र लिहिलं, येऊन घेऊन जा. पत्र टपालात पडायच्या आधल्या सकाळी माझी आई हातोडी घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"चल पोरी," ती म्हणाली, "तुजा परकर शिवून झालाय."

द्वारका निघाली ती रागानं निघाली. येसूला चार शब्द सुनवायचे म्हणून निघाली. टेकडीच्या मागं वळली आणि थांबली. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या सगळ्या मुली उभ्या होत्या, आणि त्यांच्या हातांना मळलेल्या, विटलेल्या हिरव्या पट्ट्या होत्या. द्वारका कुबडी टेकून खाली वाकली. पहिल्या पायरीला तिनं आपली चार बोटं लावली. बरोबर चार.

ती कुबडीवर भार देऊन सरळ झाली. मग तिनं येसूला विचारलं, "हे माझ्यासाठी केलंस?"

येसूला या प्रश्नाचीच भीती होती. ती म्हणाली, "पायऱ्या टेकडीला केल्यात. तुझं फक्त माप घेतलंय."

द्वारका चढायला लागली. कुबडी, एक पाय, दुसरा पाय. कुबडी, एक पाय, दुसरा पाय. कुणी हात दिला नाही, कुणी पुढं गेलं नाही. तिच्या मागं येसू, येसूच्या मागं सगळ्या, दर पायरीवर थांबत. पावणेदोन तास लागले. साडेआठ कधीच वाजून गेले होते. टिळेकर बाई वर पेटीपाशी उभ्या होत्या, त्यांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. द्वारकेनं पेटी उघडली, आकडे पाहिले, वहीत लिहिले आणि पुढं स्वतःचं नाव लिहिलं. मग वही मिटून ती येसूकडे वळली.

"परकर बरोबर बसला गं," ती म्हणाली.

आई सांगायची, तेव्हा नव्वदच्या नव्वद पोरी रडल्या. आईसुद्धा रडली असणार, पण ते ती कधी कबूल करायची नाही. दुसऱ्या दिवसापासून द्वारका पावणेसातला निघायची. तीस नोंदी चैत्राच्या आधी पुऱ्या झाल्या, परीक्षा झाली, आणि दादा आला तो पेढे घेऊन आला.

घोणशेतची माणसं वेगळंच सांगतात. म्हणतात, पोरीची जिद्द पाहून टेकडीच खाली बसली. बसलेली दिसतेही खरी. पण टेकडी आपण होऊन बसत नाही, एवढं बत्तीस वर्षांच्या नोंदींवरून मी सांगू शकते. या पोरींनी ती बसवली.

मध्ये एकदा एका ठेकेदारानं दुरुस्तीच्या नावाखाली खालच्या दहा पायऱ्या रीतसर सहा इंचांच्या करून दिल्या होत्या. पुढच्या रविवारी मुलींनी त्या उखडल्या आणि चार बोटांच्या केल्या. तेव्हापासून पायऱ्यांना हात लावायची कुणाची हिंमत झालेली नाही.

आजही सत्राच्या पहिल्या दिवशी नव्या मुली तळहाताला हिरवी पट्टी बांधतात आणि प्रत्येक पायरीला चार बोटं लावून बघतात. पावसानं कुठं कड ढासळली असेल तर त्याच दिवशी बसवतात. मग सगळ्या वर चढतात. कुलगुरू बाई असोत की धावण्यातली सुवर्णपदकवाली असो, दर पायरीवर दोन्ही पावलं टेकायची. आजही रोज साडेआठला वरच्या पेटीतले आकडे एक मुलगी लिहून आणते आणि फाटकापाशी बातम्यांच्या फळ्यावर ते सगळ्यात वर मांडते. मगच खाली कोण पास झालं, कोण कुठं निवडलं गेलं, कुणाचं लग्न ठरलं आणि कुणी मोडलं, हे सगळं येतं.

आणि एक नियम आजही मोडलेला नाही. या पायऱ्यांवर कुणी कुणाला ओलांडून जात नाही. जिची चाल सगळ्यात हळू, ती सगळ्यांच्या पुढं.

तेव्हा काकू, तुम्ही खाली बसलात तर आम्हा कुणालाच वर जाता येणार नाही. उठा. काठी घ्या. चार बोटंच उचलायचा आहे पाय. तुम्ही पुढं व्हा, आम्ही येतो तुमच्या मागनं.