भरली घागर आणि काळा पत्रा

एका डोंगरावर एक गाव होतं. घरं सगळी माथ्यावर आणि विहीर पार पायथ्याशी. त्यामुळे तिथल्या बायकांचा अर्धा जन्म पाणी वाहण्यात जायचा.

त्या गावात एक म्हातारी राहायची. तिला आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, तिची नात. पोर रांगत होती तेव्हाच तिचे आईबाप गेले. डोईवर पाणी आणि कडेवर पोर, असं म्हातारीने तिला वाढवलं.

पुढे म्हातारीच्या मानेला कंप सुटला. मान सारखी डावी-उजवीकडे हलायची, जणू ती साऱ्या जगाला 'नाही, नाही' म्हणते आहे. दुकानदार थट्टा करायचा, "म्हातारे, गूळ हवाय की नकोय? तोंड हो म्हणतंय, मान नाही म्हणतेय. मी ऐकू कुणाचं?"

"तोंडाचं ऐक, मेल्या. मान आता माझी राहिली नाही," ती म्हणायची आणि दोघंही हसायची.

शेजारणींनी मात्र तिला घागर उचलू देणं बंद केलं. "राहू दे आता, सांडशील," असं त्या मायेनेच म्हणाल्या. नातीनेही मायेनेच पाण्याचं काम आपल्याकडे घेतलं. म्हातारीची तांब्याची घागर तेव्हापासून कोपऱ्यात पालथी पडली.

नातीचं लग्न झालं. नवरा मिठाच्या व्यापाऱ्यांच्या तांड्यातला. त्याचं गाव इतकं लांब, की तिकडे दिलेली मुलगी सहसा परत दिसत नसे. तांडा संध्याकाळी निघायचा होता. सकाळी नात आजीच्या पाया पडली.

"आजी, जाऊ ना मी?"

"जा बाळा, सुखाने जा," म्हातारी म्हणाली. पण मान आपली नाही, नाही करत होती.

नात रडायलाच लागली. "बघ, तू नको म्हणतेस."

"अगं वेडे, ती मान आहे. मी जा म्हणतेय ना?"

"कळतं गं मला. पण तिकडे गेल्यावर तू आठवशील ती अशीच. नको जाऊ, नको जाऊ म्हणणारी."

हे बोलणं म्हातारीच्या काळजात रुतलं. पोरीने उभा जन्म मागे बघत काढायचा? ती उठली, लुगडं झटकलं आणि थेट गावातल्या चिंचेखाली गेली. नातही मागोमाग आली.

चिंचेखाली तांड्याबरोबर आलेला एक तसबीरवाला बसला होता. त्याच्याजवळ एक पेटी होती. लोखंडाच्या काळ्या पत्र्यावर तो औषध ओतायचा, पत्रा ओला असतानाच पेटीत घालायचा आणि पेटीच्या डोळ्यावरची टोपी काढायचा. टोपी परत लावेपर्यंत समोरच्याने जराही हलायचं नाही. हलला, की पत्र्यावर माणसाच्या जागी धूर उमटायचा. त्याच सकाळी गावच्या पाटलाने आपल्या कुत्र्यासोबत तसबीर काढली होती. पाटील ठीक आला, पण कुत्र्याला दोन तोंडं आली.

"मला माझी तसबीर हवी," म्हातारी म्हणाली. "न हललेली. आजच."

तसबीरवाल्याने तिच्या मानेकडे पाहिलं. माणूस भला होता, हसला नाही. "बसा आजी. यावर माझ्याकडे उपाय आहे," असं म्हणून त्याने एक लोखंडी टेकू आणला. त्याला वर चिमट्यासारखी दोन बोटं होती. ती त्याने म्हातारीच्या मानेला मागून लावली आणि टोपी काढली.

पत्र्यावर लुगड्याचे काठ स्वच्छ उमटले. वर मात्र नुसता धूर.

दुसऱ्या वेळी त्याने टेकू घट्ट आवळला, वरून पंचा बांधला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तरीही धूरच.

"मागून धरलं की ती जास्तच झुंजते रे बाबा," ती मान चोळत म्हणाली.

"आता एकच पत्रा उरलाय, आजी. तुमच्या हातांची तसबीर काढू का? हात तर स्थिर आहेत. पोरीला आठवण राहील."

"हात नकोत. तिला माझ्या डोळ्यांत बघता यायला हवं."

भोवती जमलेल्या बघ्यांतून पाटील म्हणाला, "तो शेवटचा पत्रा इकडे द्या. आमच्या कुत्र्याचं एक तोंड कमी करू."

लोक हसले. म्हातारीला हसू आलं नाही. तिचं लक्ष वाटेकडे होतं. बायका विहिरीवरून वर येत होत्या. डोईवर भरल्या घागरी, पायाखाली दगडधोंडे आणि माना कशा ताठ! ती बराच वेळ बघत राहिली. मग नातीला म्हणाली, "माझी घागर आण."

"आजी, सांडेल गं."

"आण म्हणते ना."

तसबीरवाला गोंधळला. "आजी, नुसती मान थांबत नाही, तिच्यावर आणखी भार कशाला? हा पत्रा गेला, की माझ्याकडे दुसरा नाही."

"थांबेल का, ते मलाही ठाऊक नाही," म्हातारी म्हणाली. "पण या मानेला आजवर कुणी असं जखडलं नव्हतं. आणि काम सांगितलं, तर तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. एकदा सांगून बघू दे."

 तसबीरवाल्याने एकदा पाटलाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग त्याने तिच्या मागचा टेकू काढला आणि गवतात ठेवून दिला. "उभ्या राहा, आजी."

म्हातारीने पदराची चुंबळ केली. एका शेजारणीने आपल्या डोईवरची घागर उतरवली आणि तांब्याच्या घागरीत पाणी ओतायला लागली.

"अर्धीच भरू?" तिने विचारलं.

"काठोकाठ."

शेजारणीने आणि नातीने मिळून घागर तिच्या डोईवर ठेवली. म्हातारीचे गुडघे वाकले. मान हलली, पाणी हिंदकळलं, एक ओघळ कपाळावरून नाकावर आला. "उतरवा, उतरवा!" कुणीतरी ओरडलं.

"कुणी हात लावायचा नाही!" म्हातारी म्हणाली.

तिने एक हात घागरीला लावला, पाय रोवले आणि समोर बघितलं, चढणीवर बघायची तसं. तसबिरीतून हे पाणी पोरीच्या घरात जायचं आहे, ते सांडून कसं चालेल? हळूहळू मानेला जुनी ओळख पटली. हिंदकळणं कमी झालं. मग थांबलं. घागरीच्या काठावर एक थेंब लोंबत होता, तो पडेना.

तसबीरवाल्याने टोपी काढली. सगळ्या गावाने श्वास रोखून धरला. पाटलाचा कुत्रासुद्धा गप्प उभा राहिला. मग टोपी परत लागली.

पत्रा औषधात घातला, तशी काळ्यातून म्हातारी वर आली. आधी घागर, मग कपाळावरचा ओला ओघळ, मग डोळे. सरळ समोर बघणारे, ठाम डोळे.

घागर उतरवली आणि मान पुन्हा हलू लागली. उन्हं कलली होती. तांड्याच्या घंटा वाजल्या. नातीने पत्रा पदरात गुंडाळून छातीशी धरला.

"आजी, जाऊ ना मी?"

"जा बाळा," तोंड म्हणालं. मान म्हणाली, नाही, नाही.

नात रडता रडता हसली. पदरातल्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाली, "मी हिचं ऐकते."

आणि ती गेली.

तसबीरवालाही त्याच तांड्याबरोबर गेला. टेकू त्याने टाकून दिला नाही, पण पुढे कुणी फार हलणारं माणूस समोर बसलं, की टेकूला हात घालण्याआधी तो विचारायचा, "घरी रोज काय उचलता तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी कोपऱ्यातली घागर काखोटीला मारून विहिरीवर गेली. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एकीने पोहरा ओढला, घागर भरली आणि तिच्या डोईवर ठेवली.

तात्पर्य: डळमळणाऱ्या माणसाला आवळून स्थिर करता येत नाही. त्याला मोलाचं वाटणारं काम त्याच्यावर विश्वासाने सोपवा, तो आपणच उभा राहतो.